जागी की जागेत?

रंगनाथ मेल्याची बातमी मला शुक्रवारी सकाळी साडेनऊला कळली. मी अर्धी दाढी तशीच ठेवली आणि शिरा करायला सांगितला. घरात मी एकटाच असल्यामुळे सांगितला तोही मलाच. रवा संपला होता म्हणून राहिलं, नाहीतर केला असता.

हा रंगनाथ म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, वेणूताईचा, धाकटा दीर. ताईच्या नवऱ्याचं नाव हिंदुराव. ख्रिस्ती माणसाचं नाव हिंदुराव कसं, असं पुण्यात प्रत्येकाने त्यांना एकदा तरी विचारलं. दाजी शांतपणे सांगायचे, "आजोबांनी धर्म बदलला, कोल्हापूर नाही बदललं." हडपसरच्या एका कारखान्यात फिटर होते. पंचवीस वर्षं दिवसपाळी-रातपाळी करून त्यांनी खराडीला दोन गुंठे घेतले, पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या आणि पेरूची चार झाडं लावली. त्या काळी खराडीला जायचं तर लोक डबा बांधून निघत.

पंच्याण्णव साली रंगनाथने 'लाइटचं मीटर नावावर करायचंय' असं सांगून दाजींची एका कागदावर सही घेतली. तो कागद कुलमुखत्यारपत्राचा होता, म्हणजे जागा विकायचा हक्क रंगनाथकडे. चार महिन्यांनी बिल्डरचा माणूस बुलडोझर घेऊन आला आणि पेरूखाली बसलेल्या दाजींना म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का?" दाजी बाजूला झाले ते झालेच. दीड वर्षात गेले. डॉक्टरांनी कारण लिहिलं हृदयविकार. मी लिहिलं असतं रंगनाथ.

आता तिथे काचेची इमारत आहे. दाजींची मुलगी पूर्वा आयटीत आहे, आणि तिची कंपनी नेमकी त्याच इमारतीत आहे असं आमचे नातेवाईक रंगवून सांगतात. ते खोटं आहे. तिची कंपनी दोन इमारती सोडून आहे.

बातमी दिली ती आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, फोनवर. नाव शुभंकर, वय तीस. आधी इंजिनिअर झाला, मग त्याला देवाने बोलावलं. देवाने बोलावलं तरी 'बेसिकली' सुटलेलं नाही.

"अनंतकाका, बेसिकली एक दफन आहे. उद्या दुपारी. रंगनाथ म्हणून..."

"त्याचं नाव चर्चच्या यादीतून कमी केलंय. शहाण्णव साली. ठराव मीच लिहिला होता."

"हो, ते बघितलं मी. पण वेणूबाईंनी अर्ज दिलाय."

"कसला अर्ज?"

"तुम्ही वाचा ना. मी माणसाबरोबर पाठवतो." आणि त्याने घाईघाईने फोन ठेवला. देवाची माणसं फोन फार लवकर ठेवतात.

अर्ज माझ्याकडे यायचं कारण, आमच्या चर्चच्या दफनभूमी समितीचा मी सचिव. तीस वर्षं सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. निवृत्तीनंतर घरबसल्या लोकांना त्रास देता यावा म्हणून मंडळींनी हे पद दिलं. दफनभूमी आमची छोटी, मार्केट यार्डाच्या अलीकडे, माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर. शहर वाढलं तशी भरत आली. नव्व्याण्णवपासून आम्ही नवीन जागा राखून देत नाही. ज्यांची आधीची राखीव नाही, त्यांना शहराबाहेरच्या नव्या दफनभूमीत जावं लागतं, आणि तिथे फक्त यादीतलेच घेतात. तिथे दोन बस बदलून जातात. परतताना एकच मिळते.

दाजींच्या शेजारची जागा ताईसाठी राखीव होती. दाजी गेले तेव्हाच तिने ती मागून घेतली होती. आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेली माझ्या माहितीतली ती एकच गोष्ट.

अर्ज आला. चार ओळी, निळ्या शाईत:

'माझे दीर रंगनाथ काल सरकारी दवाखान्यात वारले. त्यांना दुसरे कोणी नाही व कुठेही जागा नाही. तरी माझ्या जागी त्यांना पुरावे, ही नम्र विनंती.'

मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना चष्मा काढला, कारण काहीतरी फेकावंसं वाटत होतं आणि चष्मा महाग आहे.

नियम असा की कबर एकदा भरली की वीस वर्षं उघडायची नाही. ताई पासष्ट वर्षांची. म्हणजे रंगनाथ तिथे गेला तर दाजींच्या शेजारी जाण्यासाठी ताईला पंच्याऐंशी वर्षांपर्यंत दम धरावा लागणार. ज्याने जिवंतपणी तिची जागा खाल्ली, तो आता मेल्यावरचीही खाणार. आणि ही बाई त्याला 'नम्र विनंती' करून वाढणार!

अर्ज फेटाळणं हे हौशी लोकांचं काम. जाणकार माणूस अर्ज परत पाठवतो. मी समासात लाल शाईने शेरा मारला: 'अर्थबोध होत नाही. "माझ्या जागी" म्हणजे काय? "जागी" की "जागेत"? अर्जदार हयात आहेत. लेखी खुलासा करावा.' आणि त्याच माणसाच्या हाती तो अर्ज ताईकडे रवाना केला. उद्या दुपारपर्यंत जागेचं पत्र मिळालं नाही तर दवाखान्यातून मयत नेणार कुठे? खुलासा यायला सोमवार उजाडेल. तोवर सरकारी गाडी रंगनाथला बेवारशांबरोबर घेऊन जाईल आणि प्रकरण निकाली निघेल. तीस वर्षांत मी एवढा चोख शेरा दुसरा मारला नव्हता. उरलेली दाढी मी शीळ घालत केली.

बारा वाजता पूर्वाचा फोन आला. ऑफिसातून बोलत होती, दबक्या आवाजात, पण दबका आवाजसुद्धा केवढा तापू शकतो ते कळत होतं.

"मामा, तू साइन करू नकोस हं. जस्ट रिजेक्ट कर."

"केलंय. म्हणजे परत पाठवलंय."

"गुड. आईचं डोकं फिरलंय. बाबांच्या शेजारी तो माणूस? सीरियसली? आणि आईला कुठे, त्या नवीन सिमेट्रीत? तिथे बससुद्धा धड जात नाही! मला भेटायला जायचं झालं तर?"

"पूर्वा, आई अजून आहे."

"तेच म्हणतेय मी! ती असताना हे चाललंय. मामा, मी आठवीत होते. माझं दप्तर त्या बुलडोझरखाली गेलं. नंतर त्या माणसाने साधा सॉरी म्हणायला फोन केला का कधी?"

"नाही केला."

"मग? ही काय फ्री स्कीम आहे का?"

मी म्हटलं, "अगदी." इतक्या वर्षांत भाचीचं आणि माझं एखाद्या विषयावर असं शंभर टक्के जमलं नव्हतं.

तीन वाजता बेल वाजली. दारात ताई. रिक्षाने आली होती आणि रिक्षावाल्याशी भांडून आली होती. कपाळावरची आठी ताजी होती. आत आली, पाणी नको म्हणाली, आणि कागद टेबलावर ठेवला.

"हे कुणी लिहिलं?"

"समितीने."

"समिती म्हणजे तूच ना?"

"मी सचिव आहे. यात वैयक्तिक काही नाही."

"अक्षर वैयक्तिक आहे. 'अर्थ'मधला रफार तू तिसरीपासून असाच उडवतोस."

मी कागद पाहिला. माझ्या लाल शेऱ्याखाली तिने निळ्या शाईत एकच शब्द लिहिला होता: 'दोन्ही.'

"हा काय खुलासा झाला?"

"तू विचारलंस, जागी की जागेत. दोन्ही. माझ्या जागेत त्याला ठेवायचं, आणि माझ्या जागी त्याला ठेवायचं. आणखी काही व्याकरण राहिलंय का?"

"ताई, माझ्या जागी म्हणजे बदली. तू जिवंत आहेस."

"जिवंत आहे म्हणूनच देते आहे. मेल्यावर कुणी काय देतं, कप्पाळ?"

मी आवाज चढवला. "तो नालायक होता."

"होता."

"चोर होता!"

"मला काय सांगतोस? घर माझं गेलं."

"मरताना माफी तरी मागितली का?"

"मी पोचले तोवर गेला होता. नर्स म्हणाली, सकाळी चहा मागत होता. साखर जास्त घाला म्हणत होता."

"बघ!"

"बघितलं. मधुमेह होता ना त्याला, तरीही." ताईने पदराने चेहरा पुसला. "फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून माझं नाव दिलं होतं. 'वेणूवहिनी' आणि चर्चचं नाव, एवढंच. आडनावसुद्धा नाही. त्यावरून त्यांनी मला शोधलं."

"निर्लज्ज!"

"मलाही तेच वाटलं. अनंता, एवढी चीड आली मला, की त्या नर्ससमोर मी दोन शिव्या हासडल्या. मयताला. ती पोरगी घाबरून बाहेरच गेली."

"मग हा अर्ज कशाला? राग गेला का लगेच?"

"गेला असं कुणी सांगितलं तुला? आहे की, हा काय. रागासकटच देते आहे. राग जायची वाट बघत बसले तर त्याला तिथे बर्फात किती दिवस ठेवतील?"

मी खोलीत फेऱ्या मारायला लागलो. खोली लहान असल्यामुळे दर चार पावलांना वळावं लागतं आणि रागाचा वेग मोडतो, तरी मारल्या.

"हे बघ ताई. ज्याने काही कमावलं नाही त्यालाही देव देतो, त्याला कृपा म्हणायचं, हे मीही लहानपणापासून ऐकतोय. ऐकायला बरं वाटतं. पण ते देवाने करायचं. त्याच्याकडे जागा भरपूर आहे. आपण पुण्यात राहतो. इथे एकाला फुकट दिलं की दुसऱ्याची जाते, हे कुणी का सांगत नाही?"

"सांगतात की. चर्चमध्ये वधस्तंभ काय शोभेला लावलाय?"

मी थांबलो. पण थांबलेला माणूस जास्त मोठ्याने बोलतो.

"म्हणजे उद्या सगळ्या नालायकांना मिळायला लागलं तर लायक माणसांनी काय करायचं?"

"लायक कोण?"

"कोण म्हणजे? आपण! दाजी, तू, मी..."

"तू?" ताई म्हणाली.

तिने ते अगदी साधं विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का असं विचारावं तसं. मग म्हणाली, "त्या कुलमुखत्यारपत्रावर साक्षीदार क्रमांक दोन कोण होता, अनंता?"

खाली रस्त्यावर कांद्याचा ट्रक मागे घेत होते. क्लीनर 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडत होता. तो ट्रक पूर्ण आत जाईपर्यंत मी खिडकीतून बघत राहिलो.

साक्षीदार क्रमांक दोन मी होतो. रंगनाथ माझ्या कचेरीत आला, खाली टपरीवर घेऊन गेला, दोन बटाटेवडे मागवले आणि कागद पुढे केला. "भाऊजी, मीटरचं आहे. दादाची सही झालीय, तुमची साक्षीला हवी." मी, जो एका स्वल्पविरामासाठी शेतकऱ्यांना तालुक्याच्या तीन खेपा घालायला लावायचो, त्या मी त्या कागदावर न वाचता सही केली. दोन्ही हात तेलकट होते, म्हणून पान उलटलं नाही. पुढे बुलडोझर आला तेव्हा सगळ्यात मोठ्याने रंगनाथला शिव्या मी दिल्या. यादीतून त्याचं नाव काढायचा ठरावही मी लिहिला. सुंदर झाला होता.

"तुला कधी कळलं?"

"वकिलाने झेरॉक्स दिली तेव्हाच. शहाण्णव साली."

मी बसलो. आता दोन हजार सात चालू होतं. अकरा वर्षं. या अकरा वर्षांत मी दर रविवारी उपासनेनंतर तिच्याकडे जेवलो होतो. मटणाच्या रश्श्यात नारळ कमी पडलाय असंही बोललो होतो.

"आणि दाजींना?"

"त्यांनीच मला दाखवलं. म्हणाले, अनंताला बोलू नकोस. त्याला वाईट वाटेल."

"वाईट वाटेल?" मी ओरडलो. "मग वाटू द्यायचं होतं! तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू जेवायला आला असतास का?"

मला त्या क्षणी जो राग आला, तसा रंगनाथचाही कधी आला नव्हता. माणसाला न विचारता, न सांगता, परस्पर माफ करून टाकायचं ही कुठली पद्धत? निदान मला अर्ज तरी करू द्यायचा होता! मी तो व्यवस्थित लिहिला असता, कारणांसह. अकरा वर्षं मी रंगनाथचा राग पितळेच्या समईसारखा घासूनपुसून ठेवला, कशासाठी? त्याच्या मागे मी दिसू नये म्हणून. आणि ही दोघं नवराबायको त्या समईमागे लपलेला मी दिसत असूनही मला रस्सा वाढत होती!

"तू मला मूर्ख बनवलंस," मी म्हणालो.

"मी जेवायला वाढलं."

"मला नको होतं तसलं."

"नको कसं? दोन-दोन वाट्या घ्यायचास." ताईने माझं लाल शाईचं पेन उचलून माझ्यासमोर ठेवलं. तिचेही डोळे भरले होते, पण चिडून भरले होते. "हे बघ अनंता, मला वाद घालता येत नाही. मला यांच्या शेजारी जायचं होतं. फार जायचं होतं. अजूनही आहे. काल त्या दवाखान्याच्या बाकावर बसून मी हिशेब करत होते, की याला बेवारशांत जाऊ दिलं तर माझी जागा शाबूत राहते. मग मी त्या जागेत झोपेन कशी? यांच्या शेजारी पडून यांना काय सांगेन, तुमच्या भावाला कुठे पाठवलं म्हणून? आता तू सही कर, नाहीतर नको म्हणून लिही. शेरे मारू नकोस. मला रिक्षाचं वेटिंग लागतंय."

नको म्हणून लिहायला मला कोणीही अडवलं नसतं. नियम माझ्या बाजूने होता. यादीत नसलेल्या माणसाला पुरायचं की नाही हे सचिवाच्या मर्जीवर आहे, तो नियमही मीच लिहिलेला. मी पेन हातात धरून बसलो. रंगनाथ माझ्या लेखी अजून चोरच होता. पण 'नालायक असल्याने अर्ज नामंजूर' असं लिहायचं तर तो शेरा रंगनाथपाशी थांबला नसता, तो दर रविवारच्या ताटापर्यंत आला असता.

मी 'मंजूर' लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला आणि टेबलाच्या सनमायकावर 'जू' उमटला.

"चिकटपट्टी आहे का?" ताईने विचारलं.

शनिवारी तीन वाजता दफन झालं. माणसं मोजकी: ताई, मी, पाळकसाहेब, खड्डा खणणारे दोघं, आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, तोही पावतीवर सही हवी होती म्हणून थांबलेला. पूर्वा शेवटच्या मिनिटाला आली, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. माझ्याशी बोलली नाही. आईशीही बोलली नाही. दाजींच्या कबरेवरचं गवत उपटत बसली, आणि गवत नसेल तिथेही उपटत होती.

पेटी उचलायला माणसं कमी पडली. पाळक माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझी पाठ दुखते." ताई म्हणाली, "त्याची दोन वर्षांपासून दुखत नाहीये." मग एक कोपरा मी धरला. मेलेला माणूस एवढा हलका असेल असं मला वाटलं नव्हतं. हाडं आणि शर्ट, एवढंच असावं. त्याचाही मला राग आला. एवढं सगळं खाऊन हा माणूस असा चिपाड कसा झाला?

पाळकाने छोटी प्रार्थना केली. मयताविषयी दोन शब्द कुणाला बोलायचे आहेत का, असं त्याने विचारलं. ड्रायव्हरने घड्याळ बघितलं.

मग माती. आमच्यात प्रत्येकाने तीन मुठी द्यायच्या. ताईने दिल्या, वाकून, कबरेच्या काठाला हात टेकवून. मग माझी पाळी आली. मी मूठ भरली ती चांगली दगडासारखी ढेकळाची, आणि हात मागे घेऊन फेकली. पेटीवर असा धाडकन आवाज झाला की पाळक दचकून एक पाऊल मागे सरला.

"अरे, हळू!" ताई ओरडली. "लागेल त्याला!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आपण काय बोललो ते कळून तिने पदर सावरला. मागे पूर्वाच्या तोंडून एक आवाज आला. हसली की रडली, मी वळून पाहिलं नाही.

मी दुसरी मूठ भरली. हातात एक खडा लागला, चांगला अणकुचीदार. राग होता तसाच होता. खडा काढून मी बाजूला टाकला आणि माती सोडली.

तिसऱ्या मुठीत आणखी तीन निघाले. तेही वेचून काढावे लागले. पाळक खोळंबला होता, ड्रायव्हर खोळंबला होता. मी म्हटलं, "थांबा जरा," आणि माती चाळत उभा राहिलो.